पात्रयोजना, तालीम आणि गाव : जांबसमर्थच्या रंगकर्माच्या निमित्ताने

नाट्यनिर्मितीच्या चर्चेत नाटककार, दिग्दर्शक आणि नट यांच्या वाट्याला जेवढे विवेचन येते, तेवढे कोणती भूमिका कोणाला द्यावयाची हे ठरविणाऱ्याच्या आणि त्या नटाला भूमिकेपर्यंत आणून पोहोचविणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात तालीममास्तरांचे उल्लेख आहेत. पण ते बहुधा आठवणींच्या आणि आख्यायिकांच्या रूपाने येतात. पात्रनिवड आणि अभिनयशिक्षण ही नाटकाचा अर्थ घडविणारी कृती आहे, या दृष्टीने तिच्याकडे क्वचितच पाहिले गेले. 'कास्टिंग डायरेक्टर' ही संज्ञा आता चित्रपटाच्या श्रेयनामावलीतून सर्वांच्या परिचयाची झाली आहे. 'बँडिट क्वीन' (१९९४) या चित्रपटाची पात्रनिवड तिग्मांशू धुलिया यांनी केली होती, आणि त्यानंतर हिंदी चित्रपटात हे स्वतंत्र कामाचे क्षेत्र म्हणून हळूहळू रूढ झाले. रंगभूमीवर मात्र हे काम वेगळ्या माणसाकडे सोपविण्याची पद्धत मराठीत रुजली नाही. ते कधी नाटक मंडळीच्या मालकाने केले, कधी तालीममास्तराने, कधी दिग्दर्शकाने. म्हणून या कामाची कारकीर्द तपासावयाची तर एका व्यक्तीचे चरित्र पुरेसे ठरत नाही. ते काम ज्या ज्या हातांतून गेले त्या हातांचा माग काढावा लागतो. जालना जिल्ह्यातील जांबसमर्थ या गावाच्या निमित्ताने गेल्या दोन दशकांत जे घडले, त्याचा विचार या मार्गाने करता येतो.

पात्रयोजनेचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात भूमिकांच्या वाटपासंबंधी स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात नट व भूमिका यांच्या संबंधाचे तीन प्रकार मानले आहेत. वय, देह आणि स्वभाव भूमिकेशी जुळणारे असतील तर ती 'अनुरूपा'. बालकाने वृद्धाची किंवा वृद्धाने बालकाची भूमिका केली तर ती 'विरूपा'. आणि पुरुषाने स्त्रीची भूमिका करावी असा जो प्रकार, तो 'रूपानुसारिणी'. देव, राक्षस, राजा यांच्या भूमिकांसाठी कोणती शरीरलक्षणे पाहावीत याचाही विचार तेथे आहे. या वर्गीकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. नट आणि भूमिका यांच्यातील अंतर हा दोष नव्हे, तो नाट्याचाच एक पर्याय आहे, हे शास्त्रकाराने मान्य केले आहे. मात्र ज्या सामाजिक अंतराचा प्रश्न आधुनिक काळात उभा राहिला, म्हणजे कोणत्या जातीच्या, कोणत्या बोलीच्या माणसाने कोणाची भूमिका करावयाची, तो या तीन खणांपैकी कोणत्याच खणात बसत नाही. जांबसमर्थचे प्रकरण महत्त्वाचे ठरते ते येथे.

संगीत नाटकाच्या काळात पात्रनिवडीचा निकष मुख्यतः गळा हा होता. 'शाकुंतला'च्या १८८० मधील पहिल्या प्रयोगात शकुंतलेची भूमिका शंकरराव मुजुमदारांनी केली. पुढे बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर किर्लोस्कर मंडळीत आले आणि ती भूमिका त्यांच्याकडे गेली. एका आवाजाच्या प्राप्तीने मंडळीचे सारे गणित बदलल्याचे हे उदाहरण आहे. १९०५ मध्ये बालगंधर्व त्याच मंडळीत आले तेव्हाही कसोटी फारशी वेगळी नव्हती. पण गळा असलेला मुलगा मिळाला म्हणजे नट मिळाला असे होत नाही. शब्द कोठे तोडावयाचा, पदाच्या आधीचे गद्य वाक्य कसे टाकावयाचे, दुसरा बोलत असताना हातांचे काय करावयाचे, हे शिकवावे लागे. हे शिकविणाऱ्यांत गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांचे स्थान सर्वांत वरचे. 'ऑथेल्लो'वरून बेतलेल्या 'झुंझारराव'पासून 'शारदे'पर्यंत (१८९९) देवलांच्या नाटकांतील संवाद ज्या सहजतेने बोलले जातात, ती सहजता लेखकाची जेवढी तेवढीच तालीममास्तराचीही आहे. देवल वाक्य लिहीत असताना ते नटाच्या तोंडून ऐकत असावेत, असे त्यांच्या गद्याकडे पाहून वाटते. असा लेखक-शिक्षक मराठीला नंतर फार क्वचित लाभला.

तालीममास्तराची पद्धत अनुकरणाची होती. मास्तर म्हणून दाखवी, नट तसे म्हणे. तिचे दोष उघड आहेत. पण शाळेत न गेलेल्या मुलालाही भाषेच्या लयीचे भान या पद्धतीने दिले, हे विसरून चालणार नाही. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनी करण्याच्या पद्धतीला प्रतिष्ठा मिळवून दिली. पात्रयोजनेच्या दृष्टीने हा मोठाच पालट होता. 'रूपानुसारिणी'चा अध्याय येथे मिटत आला. के. नारायण काळे यांनी स्तानिस्लाव्हस्कीच्या ग्रंथाचा अनुवाद करून अभिनयाच्या अंतर्गत शिक्षणाचा विचार मराठीत आणला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या 'रंगायन'मधून विजया मेहता यांनी नटाच्या शिक्षणाला प्रयोगशाळेचे स्वरूप दिले. हे सर्व मुख्यत्वे मुंबई-पुण्याच्या परिघात घडले, आणि ते सुपरिचित असल्याने त्याचा येथे अधिक विस्तार करण्याचे कारण नाही.

मराठवाड्याची स्थिती निराळी होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. मराठी शिक्षणाचा प्रसार मर्यादित होता, आणि नाट्यगृहे व नाट्यशिक्षण यांच्या सोयी उभ्या राहण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. मात्र सादरीकरणाची परंपरा क्षीण होती असा याचा अर्थ नाही. भारूड, गोंधळ, कीर्तन, सप्ताहातील भजन, तमाशा आणि आंबेडकरी जलसा या मार्गांनी गावोगावी माणसे शेकडोंच्या समुदायापुढे उभी राहून बोलत आणि गात होती. १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, आणि प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक तेथील विद्यार्थ्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत सादर केले. ज्यांच्याविषयी नाटक, त्यांनीच ते करावयाचे, हा पात्रयोजनेचा विचार मराठवाड्यात इतका जुना आहे; व्यावसायिक रंगभूमीने त्याची दखल घेण्यास फार वेळ लावला.

१९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पुढे तेथील नाट्यशास्त्र विभागात राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे पदवीधर कमलाकर सोनटक्के यांच्यासारखे अध्यापक आले, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना आवाज, देहबोली, प्रकाशयोजना हे विषय क्रमवार शिकता येऊ लागले. बीड जिल्ह्यातून आलेले वामन केंद्रे याच विभागाचे विद्यार्थी. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडले, १९८७ मध्ये त्यांनी 'झुलवा' दिग्दर्शित केले, मुंबई विद्यापीठात नाट्यप्रशिक्षणाची अकादमी उभी केली आणि २०१३ ते २०१८ या काळात ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. अभिनयशिक्षकाच्या कारकिर्दीचा हा एक आलेख झाला : गाव, विभाग, दिल्ली, मुंबई. 'जिगीषा'चा मार्गही या अर्थाने त्याच दिशेचा. औरंगाबादेत सुरू झालेल्या या संस्थेतील चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आदी मंडळी मुंबईस गेली आणि 'चारचौघी' (१९९१) सारख्या नाटकाने त्यांनी मुख्य प्रवाहात आपले स्थान निर्माण केले. या प्रवासांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु शिक्षण म्हणजे प्रस्थान, हा संकेत त्यातून दृढ होत गेला. नट घडतो आणि गाव सोडतो. गावात राहूनच तो घडेल काय, हा प्रश्न तसाच राहिला.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. त्यावरूनच गावाचे नाव जांबसमर्थ. या गावात राजकुमार तांगडे हा शेती करणारा तरुण नाटके लिहू लागला आणि गावातीलच माणसांना घेऊन ती बसवू लागला. 'आकडा' हे त्याच्या एका नाटकाचे नावच बोलके आहे. विजेच्या तारेवर टाकावयाचा आकडा हा ज्यांच्या रोजच्या व्यवहाराचा भाग, त्यांना त्या शब्दाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. शहरी नटाला तो आधी समजावून द्यावा लागतो आणि मग त्यातील भय व विनोद दोन्ही शिकवावे लागतात. पात्रनिवडीने तालमीचे निम्मे काम कसे वाचते, ते येथे दिसते. उरलेले निम्मे काम मात्र अधिक अवघड असते, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही.

ते काम कोणते? ज्याला आकडा टाकता येतो त्याला आकडा टाकण्याचा अभिनय करता येतोच असे नाही. बहुधा प्रथम तो येत नाही. रंगमंचावर आला की तो माणूस आपले नेहमीचे चालणे विसरतो आणि त्याने पाहिलेल्या नाटका-चित्रपटांतील चालणे चालू लागतो. आवाज उंचावतो, वाक्याच्या शेवटी हेल येतो, 'करायलो', 'जायलो' म्हणणारी जीभ अचानक 'करीत आहे' म्हणू लागते. नवशिक्या नटाचा पहिला गुरू म्हणजे त्याने पाहिलेले वाईट नाटक, आणि त्या गुरूपासून त्याला सोडविणे हे अभिनयशिक्षकाचे पहिले काम होय. हबीब तन्वीर (१९२३–२००९) यांचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये नाट्यशिक्षण घेऊन आलेल्या तन्वीरांनी छत्तीसगडच्या नाचा कलावंतांना आपल्या नाटकांत घेतले; पण वर्षानुवर्षे ते कलावंत त्यांच्या अपेक्षेप्रमाणे फुलेनात. आपण त्यांना मातृभाषेऐवजी हिंदी बोलावयास लावतो आणि रंगमंचावरील हालचाली आधीच आखून देतो, या दोन गोष्टींत अडथळा आहे, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. १९७३ च्या रायपूर येथील शिबिरानंतर त्यांनी दोन्ही सोडून दिले, आणि १९७५ च्या 'चरणदास चोर'चे यश त्याच मार्गाने आले. निवड योग्य असूनही शिक्षणाची रीत चुकीची असेल तर निवड वाया जाते, हा यातील मुद्दा आहे.

२०१० च्या सुमारास पुण्याचे दिग्दर्शक अतुल पेठे यांनी जालना जिल्ह्यातील ग्रामीण नटांना घेऊन 'दलपतसिंग येती गावा' हे नाटक केले. लेखन मकरंद साठे यांचे. विषय माहितीच्या अधिकाराच्या आंदोलनाचा. राजस्थानात १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने रोजगाराच्या कामांवरील हजेरीपट आणि खर्चाची बिले लोकांपुढे उघड वाचण्याची मागणी केली, १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या, १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे धरले. या लढ्याचा २००५ च्या केंद्रीय कायद्यात मोठा वाटा आहे. साठे हे आधुनिक जाणिवेचे, वैचारिक रचनेचे नाटककार; 'सूर्य पाहिलेला माणूस' (१९९९) हे सॉक्रेटिसावरील त्यांचे नाटक पेठे यांनीच डॉ. श्रीराम लागू यांना घेऊन केले होते. एकाच लेखक-दिग्दर्शकांनी एकदा लागूंसारखा कसलेला नट आणि एकदा घनसावंगीकडचे शेतकरी निवडावेत, ही पात्रयोजनेच्या अभ्यासकासाठी दुर्मिळ जोडी आहे. पहिल्या ठिकाणी युक्तिवाद पेलण्यासाठी असाधारण वाचा हवी होती. दुसऱ्या ठिकाणी हजेरीपट हा शब्द उच्चारताना ज्याला तो शब्द माहीत आहे असा माणूस हवा होता.

पेठे यांनी ही दिशा पुढेही चालविली. पुण्यातील सफाई कामगारांवर त्यांनी 'कचराकोंडी' हा माहितीपट केला होता. २०१२ मध्ये गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' त्यांनी पुणे महानगरपालिकेच्या कामगारांना घेऊन उभे केले. यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या भूमिका ओंकार गोवर्धन आणि पर्ण पेठे या रंगभूमीवरील नटांकडे होत्या. या मिश्र योजनेवर आक्षेप घेता येतो : मध्यभागी प्रशिक्षित, भोवती कामगार, असे त्याचे चित्र दिसते. पण दुसऱ्या बाजूने पाहता, ज्या समूहाला जोतीराव उद्देशून बोलतात तो समूह रंगमंचावर खराखुरा उभा राहिल्याने जोतीरावांच्या भाषणाला उत्तरदायी व्हावे लागते. नटाला आपले वाक्य फसवे म्हणता येत नाही, कारण ऐकणारा शेजारीच उभा असतो. हा परिणाम केवळ तालमीने साधला नसता.

२०१२ मध्येच 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगभूमीवर आले. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) मधील दादासाहेब फाळके म्हणून माधव सर्वपरिचित होते; येथे त्यांचे काम निवडण्याचे आणि शिकविण्याचे होते. नटसंचात बहुसंख्य जालना जिल्ह्यातील, कैलास वाघमारे आणि संभाजी तांगडे यांच्यासारखे. कथासूत्र असे : शिवाजी महाराजांना न्यावयास आलेला यम त्यांना तर नेतो, पण त्यांचे विचार खालीच राहतात, आणि ते ज्या डोक्यात आहेत ते डोके शोधण्यासाठी जिरेटोप घेऊन तो भीमनगर मोहल्ल्यात येतो. जिरेटोप कोणाच्या डोक्याला बसतो, हा नाटकाचा प्रश्न आणि ही भूमिका कोणाला द्यावयाची, हा दिग्दर्शकाचा प्रश्न, यांत विलक्षण साम्य आहे. नाटककाराने पात्रयोजनेलाच कथानक केले आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. शिवाजी कोणाचा, हा वाद ऐन रंगात येतो तो शाहिरांच्या जुगलबंदीत, आणि तेथे लागणारे शिक्षण नाट्यविभागाच्या अभ्यासक्रमात क्वचित आढळते : पोवाड्याचा दम, सवाल टाकल्यावर क्षणभर थांबण्याचे भान, कोरसाने मुख्य गायकाला उचलून धरण्याची कला. जलशाची आणि भजनाची पूर्वतयारी असलेल्या समूहात ती तयार सापडते. शिक्षकाला ती ओळखता मात्र यावी लागते.

या प्रयोगाचे सामाजिक अंग नजरेआड करून चालणार नाही. २७ जुलै १९७८ नंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर झालेले हल्ले आणि १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतचा संघर्ष ज्या प्रदेशाने पाहिला, त्या प्रदेशातील निरनिराळ्या जातींच्या तरुणांनी एकत्र तालमी करून शिवाजी आणि भीमनगर ही दोन नावे एका शीर्षकात उच्चारावीत, यात मोठी जोखीम होती. पात्रयोजना येथे निव्वळ कलाव्यवहार राहत नाही. प्रयोगानंतर नट परत जाणार तो त्याच गावात, त्याच शिवारात. मुंबईच्या नटाला नाटकातील भूमिकेची किंमत गावाच्या पारावर मोजावी लागत नाही.

भाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. मराठी नाटकात ग्रामीण बोली दीर्घकाळ गड्याच्या, हवालदाराच्या, विनोदी पात्राच्या वाट्याला आली. गंभीर विचार प्रमाण भाषेत मांडावयाचा, हा संकेत पात्रनिवडीनेच पोसला. 'शिवाजी अंडरग्राउंड'मध्ये इतिहासाविषयीचा युक्तिवाद मराठवाडी वळणाच्या बोलीत होतो. प्रेक्षक प्रथम हसतो, कारण त्याला त्या बोलीवर हसण्याची सवय आहे. काही वेळाने आपण युक्तिवाद ऐकत आहोत हे त्याच्या लक्षात येते. ही बोली नटांना शिकवावी लागली असती तर ती नक्कल झाली असती. येथे शिक्षकाचे काम उलटे होते : तिचे उच्चार मागच्या रांगेपर्यंत पोहोचवावयाचे, पण ती 'शुद्ध' करावयाची नाही.

अशा नटसंचाच्या व्यावहारिक अडचणी कलाविचारात सहसा येत नाहीत. त्या यावयास हव्यात. जूनमध्ये पाऊस पडला की पेरणी. दिवाळीच्या मागेपुढे कापसाची वेचणी. मोसंबीची बाग असेल तर पाण्याची पाळी. तालमीचे वेळापत्रक या पंचांगाशी जुळवून घ्यावे लागते. २०१२-१३ हे तर जालना जिल्ह्यात भीषण दुष्काळाचे वर्ष होते, आणि मोसंबीच्या बागा वाळून गेल्या होत्या. 'शिवाजी अंडरग्राउंड'चे प्रयोग सुरू झाले ते याच काळात. याहूनही कठीण प्रश्न स्त्रीनटांचा. गावातील मुलीला रात्रीच्या तालमीस पाठविण्यास घरचे सहज तयार होत नाहीत, दौऱ्यास तर नाहीतच. १९३३ मध्ये मिटत आलेला अध्याय खेड्यात अजून पुरता मिटलेला नाही, आणि गावातील माणसांच्या रंगभूमीचा गौरव करताना हे अपूर्णत्व लपविणे योग्य नव्हे.

यानंतरच्या काळात मराठी चित्रपटानेही पात्रनिवडीची हीच वाट चोखाळली. 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) मध्ये नागराज मंजुळे यांनी अनुभव नसलेली ग्रामीण मुले मुख्य भूमिकांत घेतली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये लोकशाहिराची भूमिका वीरा साथीदार या आंबेडकरी कार्यकर्त्याने केली आणि गाणी संभाजी भगतांची होती. मात्र चित्रपट आणि नाटक यांतील एक भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो. चित्रपटात नवख्या माणसाकडून एक उत्कट क्षण एकदा मिळाला तरी पुरतो. नाटकात तोच क्षण रोज, निरनिराळ्या नाट्यगृहांत, निरनिराळ्या प्रेक्षकांपुढे पुन्हा निर्माण करावा लागतो. अस्सलपणाची पुनरावृत्ती शिकविणे हे नाट्यशिक्षकाचे खास काम, आणि 'गावाकडची माणसे उपजतच नट असतात' या लाडक्या समजुतीने ते झाकले जाते. ही समजूत कौतुकाची वाटली तरी तिने नटाचे कष्ट नाकारले जातात.

निवडीचा आणखी एक धोका नंतर उघड होतो. अस्सल ग्रामीण म्हणून ज्याची निवड झाली, त्याला पुढेही तेवढेच काम मिळत राहते. बोली हे सामर्थ्य असते तेच कुंपण होते. कैलास वाघमारे पुढे 'तान्हाजी' (२०२०) सारख्या मोठ्या हिंदी चित्रपटात दिसले, ही गोष्ट या दृष्टीने आशेची आहे. परंतु जालन्याकडच्या नटाला एखाद्या नाटकात शहरी डॉक्टरची, न्यायाधीशाची किंवा प्राध्यापकाची भूमिका कोणी सहज देऊ करील काय? पुण्या-मुंबईच्या नटाने शेतकऱ्याची भूमिका केली तर आपण त्याच्या अभ्यासाचे कौतुक करतो. भरताच्या शब्दांत सांगावयाचे तर 'विरूपा' भूमिका हा आजवर एकाच बाजूच्या नटाचा अधिकार राहिला आहे. विद्यापीठांच्या नाट्यविभागांत आज मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत, आणि तेथील वार्षिक प्रयोगांत भूमिकांचे वाटप अध्यापकच करतात.